मे महिन्यात श्वास घ्यायला वेळ नाही, जुलैत फोन वाजत नाही

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते आणि सहा वर्षांपासून घरूनच मसाले करते. मालवणी, गोडा, कांदा-लसूण, शिवाय उपवासाची भाजणी आणि दिवाळीत चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ. मदतीला दोघीजणी आहेत. एप्रिल-मेमध्ये इतकं काम असतं की धड जेवायला मिळत नाही, मग इन्स्टा, स्टेटस सगळं बंद पडतं. जून संपला की ऑर्डर एकदम थंड. मग मी घाबरून दिवसाला चार-चार पोस्ट टाकते. गेल्या वर्षी दोन हजार रुपये घालून एक पोस्ट बूस्ट पण केली, लाईक भरपूर आले पण सगळे कुठले कुठले, ऑर्डर एकही नाही. दोन-तीन आठवड्यांत कंटाळा येतो आणि परत सगळं बंद. पुतणी म्हणते, काकू रोज रील टाकलंच पाहिजे, सातत्य नसेल तर काही होणार नाही. पण रोज काय टाकू? आणि सारखं सारखं मेसेज करायची लाजही वाटते, लोक म्हणतील मागेच लागली. मला सातत्य जमतच नाही, माझ्यातच काही कमी आहे का? – एक मसालेवाली"

नमस्कार ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न मनात ठेवून बाकीचं वाचाल तर काहीच उपयोग होणार नाही. तुमच्यात काहीही कमी नाही. सहा वर्षं दर उन्हाळ्यात मिरच्या निवडायच्या, वाळवायच्या, देठ काढायचे, भाजायचं, कांडपावर उभं राहून कुटून आणायचं, चाळायचं, पाकिटं भरायची, आणि हे सगळं घर सांभाळून, हे जी बाई करते तिला सातत्य म्हणजे काय हे मी काय सांगणार. ते तुमच्याकडे भरपूर आहे. अडचण एवढीच आहे की मसाल्याला तुम्ही काम मानता आणि मार्केटिंगला वेळ उरला तर करायची गोष्ट मानता, आणि मग वेळ उरतो तो नेमका जुलैमध्ये, जेव्हा लोकांना मसाला नकोच असतो.

हे जरा नीट बघूया कारण मला वाटतं तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, जून संपला की ऑर्डर थंड. तुम्ही ह्याचा अर्थ असा लावलाय की मे महिन्यात पोस्ट टाकल्या नाहीत म्हणून जुलैत ऑर्डर नाहीत. पण ताई, जुलैत तुमच्या गिऱ्हाइकांच्या बरण्या भरलेल्या आहेत हो! ज्यांनी वर्षाचा मालवणी पावसाच्या आत भरून ठेवला त्यांना जुलैत तुम्ही दिवसाला चार काय चाळीस पोस्ट दाखवल्या तरी ते काय करणार, वर्षाचा मसाला वर्षातून एकदाच घेतात. म्हणजे तुम्ही सगळी ताकद लावता ती अशा महिन्यात जिथे ती वाया जाणारच आहे, मग ऑर्डर येत नाही, मग वाईट वाटतं, मग बंद करता. कंटाळा तुमच्या स्वभावातून आलेला नाही, चुकीच्या वेळी चुकीची वस्तू विकायला गेल्यामुळे आलाय. आणि खऱ्या गरजेच्या वेळी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा घराघरात यंदा मसाला कोणाकडून घ्यायचा हे ठरत असतं, तेव्हा तुम्ही काय टाकता हे पत्रात कुठेच नाहीये. मला वाटतं तेव्हा तुम्ही मिरची बघायला बाजारात फिरत असता.

म्हणून माझं सांगणं असं की सातत्य तुमच्या पोस्टच्या हिशोबाने मोजू नका, गिऱ्हाइकाच्या डब्याच्या हिशोबाने मोजा. तिचा डबा संपत आला की तुम्ही तिच्यासमोर असायला पाहिजे. त्या आधी रोज दिसलात तरी चालेल, नाही दिसलात तरी चालेल, पण तेव्हा नसाल तर ती दुकानात जाऊन समोर दिसेल ते पाकीट उचलेल आणि त्यात तिची काहीच चूक नाही.

आता हे करायचं कसं. एक दोनशे पानी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, वहीच. आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडून काही घेतलं त्यांची नावं व्हॉट्सॲपच्या जुन्या चॅटमधून, जीपे-फोनपेच्या हिस्ट्रीमधून काढून लिहा, एका ओळीत एक माणूस. नाव, कुठे राहतात, काय घेतलं, किती घेतलं, कोणत्या तारखेला. आणि शेवटी एक रकाना मोकळा ठेवा, त्यात लिहायचं "पुढचं कधी". हा रकाना म्हणजे तुमचं सगळं मार्केटिंग आहे, खरंच सांगते. चौघांचं घर, आठवड्यातून दोनदा मासे खाणारं, त्यांना पाव किलो मालवणी किती दिवस पुरतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, आणि माहीत नसेल तर त्यांनी आधी दोनदा कधी कधी घेतला त्या तारखा बघा, अंतर कळेल. भाड्याने राहणारी दोघं नोकरदार, त्यांच्याकडे ठेवायला जागा नाही आणि रोज स्वयंपाकही नाही, ते शंभर ग्रॅम नेतात आणि दोन महिन्यांनी परत नेतात. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं असतं, फार दिवस ठेवला की खवट होतो, त्यामुळे गोडा घेणाऱ्याला तर तुम्ही स्वतःच सांगायला पाहिजे की एकदम किलोभर नेऊ नका, पाव पाव नेत जा, मी आठवण करीन. ह्यात तिचाही फायदा आणि तुम्हाला वर्षातून चार-पाच वेळा तिच्याशी बोलायचं कारण मिळालं, तेही खरं कारण.

मग दर मंगळवारी दुपारी, जेवणं झाली की अर्धा तास, वही उघडायची, ह्या आठवड्यात कोणाकोणाचा डबा संपायला आलाय ते बघायचं आणि त्यांना एकेकीला नावाने मेसेज करायचा. सगळ्यांना एकच फॉरवर्ड नाही. साधारण असा:

"वहिनी नमस्कार, मार्चमध्ये तुम्ही अर्धा किलो मालवणी नेला होतात, आता संपत आला असेल ना. ह्या शनिवारी ताजा कुटून आणतेय, तुमच्यासाठी अर्धा किलो बाजूला ठेवू का?"

बघा ह्यात मी मसाल्याची स्तुती केलेली नाही, ऑफर नाही, तीन-तीन उद्गारचिन्हं नाहीत, फुलांचे इमोजी नाहीत. तिला एकच काम आहे, हो म्हणायचं. आणि नाही म्हणाली तर विचारायचं, बरं, साधारण कधी विचारू? ती म्हणेल दिवाळीनंतर, की लगेच वहीत "दिवाळीनंतर". आता दिवाळीनंतर तुम्ही मेसेज केला तर ते मागे लागणं झालं का? तिनेच सांगितलं होतं ना.

लाज वाटते म्हणालात ते मला अगदी कळतं, आपल्याकडे बायकांना विकणं म्हणजे काहीतरी हलकं काम असं लहानपणापासून ऐकवलेलं असतं, घरचं करून घालावं पण त्याचे पैसे मागू नयेत. पण एक फरक तुम्हीच करून बघा. तुमच्या फोनवर बिल्डिंगच्या ग्रुपमध्ये साडीवाली रोज तीस फोटो टाकते तेव्हा राग येतो, आणि गॅसवाल्याचा सिलेंडर बुक झाल्याचा मेसेज येतो तेव्हा राग येत नाही, कारण तो आपल्याच कामाचा असतो. तुमचा मेसेज गिऱ्हाइकाच्या कामाचा असेल तोपर्यंत लाजायचं कारण नाही. त्याचबरोबर हेही करा की ज्यांना नको त्यांना मोकळेपणाने "नको" म्हणता येईल असं वागा, एकदा नको म्हटलं की वहीत फुली मारा आणि परत कधीच नाही. सणांच्या शुभेच्छांच्या तयार इमेज आणि गुड मॉर्निंग ह्या नंबरवरून पूर्ण बंद. असल्या मेसेजनीच वैतागून लोक म्यूट करतात आणि मग कामाचा मेसेजही बघत नाहीत, आणि जास्त लोकांनी ब्लॉक-रिपोर्ट केलं तर व्हॉट्सॲप नंबर बंदही करू शकतं, सहा वर्षांचे कॉन्टॅक्ट असलेला नंबर असा घालवायचा नाही.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. अजून साधंच व्हॉट्सॲप वापरत असाल तर बिझनेसवालं ॲप घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉग ठेवता येतो म्हणजे "रेट काय" विचारणाऱ्याला तीच माहिती पन्नास वेळा टाईप करावी लागत नाही, क्विक रिप्लाय म्हणजे नेहमीची उत्तरं तयार ठेवता येतात, आणि लेबलं लावता येतात, पैसे बाकी, ऑर्डर पूर्ण, वार्षिकवाले, गोडावाले अशी. आणि ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, वापरत असाल तर एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच साध्या ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज पोचतो. म्हणजे तुम्ही दोनशे जणांना पाठवला असं तुम्हाला वाटतं आणि पोचलेला असतो सत्तर जणांना, बाकीच्यांनी नंबर सेव्हच केलेला नसतो. स्टेटसचंही तसंच, दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असला तर दिसतं. त्यामुळे पाकीट हातात देताना तोंडाने सांगा, "माझा नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन मसाला कुटला की कळवीन." एवढं एक वाक्य, पण ते इन्स्टावरच्या दहा पोस्टपेक्षा जास्त काम करेल असं माझं मत आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, एप्रिल आणि मे. सातत्य तुटतं ते तिथेच, म्हणून आपण नियम त्या महिन्यांसाठी ठरवायचा आणि तोच वर्षभर पाळायचा. उलटं करतात सगळे, निवांत असताना ठरवतात की रोज एक रील आणि आठवड्याला दोन लेख, आणि सीझनच्या पहिल्या आठवड्यात ते कोसळतं. तुम्ही स्वतःला विचारा की ज्या दिवशी गच्चीवर मिरची वाळत घातलीये, वारा सुटलाय, एक मदतनीस आलेली नाही आणि कांडपवाल्याने पाचला बोलावलंय, त्या दिवशीही मी काय करू शकेन? तेवढंच ठरवा. माझ्या अंदाजाने मंगळवारी पाच मेसेज आणि शनिवारी एक फोटो स्टेटसला, बस. दुधाच्या रतिबासारखं, माप लहान असलं तरी चालेल पण खाडा नको. निवांत महिन्यात जास्त करावंसं वाटलं तर करा, पण ते वरकड समजा, नियम तोच पाच आणि एक. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच, त्यावर जसं दुधाचं आणि गॅसचं लिहिता तसं मंगळवार-शनिवार झाला की तिथेच टिक करा, वेगळं ॲप बिप नको.

आणि फोटो कशाचा? जे हाताखाली चाललंय त्याचाच. देठ काढलेल्या मिरचीचा ढीग आणि शेजारी देठांचा ढीग, भाजताना काळपट होत आलेलं दगडफूल, कढईतली ब्याडगी आणि संकेश्वरी शेजारी शेजारी ठेवून एक ओळ की रंगासाठी ही आणि तिखटासाठी ती. तुमच्यासाठी हे रोजचं आहे म्हणून तुम्हाला वाटतं ह्यात काय दाखवायचं, पण पाकीट विकत घेणाऱ्या बाईने गेल्या दहा वर्षांत नागकेशर डोळ्यांनी बघितलेलं नसतं. तिला विश्वास बसतो तो ह्याच्यावर, "शुद्ध व घरगुती" ह्या शब्दांवर नाही, ते शब्द तर सगळ्याच पाकिटांवर असतात.

ऑर्डर फुल झाल्या की तुम्ही गप्प होता, हे मात्र बदलायलाच पाहिजे. फुल झाल्यात हे सांगणं ही तर वर्षातली सगळ्यात चांगली जाहिरात आहे आणि तुम्ही तीच करत नाही! स्टेटसला लिहा: "20 मेपर्यंतच्या ऑर्डर भरल्या. आता सांगाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, पावसाच्या आधीची ही शेवटची खेप, त्यानंतर मिरची वाळत नाही." हे खोटं घाई करवणं नाही, खरंच पाऊस लागला की मिरची सर्द होते आणि वर्षाचा मसाला करता येत नाही हे घरातल्या प्रत्येक आजीला माहितीये. जिने पुढच्या आठवड्यात सांगू म्हणून ठेवलं होतं ती आज फोन करेल. आणि जिला ह्या वर्षी मिळालं नाही तिचं नाव वहीत वेगळ्या पानावर, पुढच्या फेब्रुवारीत पहिला मेसेज तिला.

फेब्रुवारीचा मेसेज हा तुमच्या वर्षाचा मुख्य मेसेज आहे असं समजा. नवीन मिरची बाजारात यायला लागली की सगळ्या वार्षिकवाल्यांना एकेक करून कळवायचं, यंदाचा साधारण भाव हा, 15 मार्चपर्यंत नाव आणि अर्धे पैसे दिले तर हाच भाव नक्की. ह्याने तुम्हाला मिरची किती घ्यायची ते आधी कळेल, हातात पैसे येतील म्हणजे मिरची एकदम आणि निवडून घेता येईल, आणि मे महिन्यातली धावपळ थोडी पसरेल. सध्या तुमच्या सगळ्या ऑर्डर सहा आठवड्यांत अंगावर येतात, त्या आधी बांधून घेतल्या तर शनिवारच्या फोटोला दोन मिनिटं निघतील. मार्केटिंगला वेळ मिळत नाही ह्याचं एक कारण हेही आहे की मार्केटिंग उशिरा होतंय.

मग जुलैचं काय? जुलैत मालवणीचा जप बंद करा. आषाढात लोक काय खातात, श्रावणात काय खातात ते बघा. श्रावणात कितीतरी घरात कांदा-लसूण आणि सामिष बंद, म्हणजे तुमच्या तिन्ही मसाल्यांपैकी चालणारा एकच, गोडा, आणि श्रावणी सोमवारला उपवासाची भाजणी. मग गणपतीत मोदकाचं पीठ जमत असेल तर ते, नवरात्रात परत भाजणी, आणि दिवाळीसाठी चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ हे नवरात्रातच बोलायला लागायचं, वसुबारसेला नाही, तोपर्यंत अर्ध्या जणींनी दुसरीकडे सांगितलेलं असतं. डिसेंबरमध्ये परदेशातली मुलंबाळं घरी येतात आणि जाताना बॅगेत मसाला नेतात, तेव्हा त्यांच्या आयांना विचारा, प्रवासासाठी डबल पॅकिंग करून देऊ का, हे मी मुद्दाम सांगतेय कारण त्या एकेका बॅगेत किलो-किलो जातं आणि पॅकिंग फुटू नये एवढीच त्यांची चिंता असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास-पन्नास ग्रॅमची पाकिटं, हेही चालतं, त्यात तर एक बाई पंचवीस नवीन घरात तुमचा मसाला स्वतः पोचवते. म्हणजे मसालेवालीचं वर्ष आपल्या पंचांगाने आधीच लावून दिलेलं आहे, "रोज काय टाकू" हा प्रश्न तुम्हाला पडायलाच नको.

आपल्याकडे ह्या बाबतीत एक फार मोठं उदाहरण आहे आणि मला ते मनापासून आवडतं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 1920 साली "किर्लोस्कर खबर" नावाचं मासिक काढलं, शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखाना लोखंडी नांगराचा आणि कडबा कापायच्या यंत्राचा. आता नांगर काय कोणी दर महिन्याला विकत घेतं का, एकदा घेतला की कितीतरी वर्षं बघायचं नाही. पण मासिक दर महिन्याला हातात पडायचं, आणि पुढे ते कारखान्याच्या बातम्यांपुरतं राहिलं नाही, "किर्लोस्कर" म्हणून मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं, 1930 मध्ये त्यांनी "स्त्री" सुरू केलं, 1934 मध्ये "मनोहर". वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असं काहीतरी ठरलेल्या वेळी देत राहायचं, त्याला नांगर आज हवा असो वा नसो. तुम्हाला मासिक काढायचं नाहीये, पण वर्षाचा मसाला भरलेल्या घराशी मधले दहा महिने काय बोलायचं हा प्रश्न तोच आहे. मसाला दिल्यावर आठ दिवसांनी एक मेसेज जाऊ दे: "बरणी कोरडी करूनच भरलात ना, वर हिंगाचे दोन-तीन खडे ठेवा, आणि चमचा ओला लागू देऊ नका." पावसाळ्यात एकदा विचारा, मसाला ठीक आहे ना, जाळी वगैरे धरली नाही ना. विकायचं काहीच नाही त्यात. पण असं विचारणारी बाई पुढच्या फेब्रुवारीत मेसेज करते तेव्हा समोरची भाव विचारत बसत नाही.

पुतणीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, नवीन माणसांना तुम्ही रीलमधूनच दिसणार. फक्त रोज नको. ज्या दिवशी मसाला भाजायचं मोठं काम असतं त्या दिवशी तिला बोलवा, फोन तिच्या हातात, दहा-दहा सेकंदांचे वीस-पंचवीस तुकडे तिने काढावेत, तुम्ही फक्त काम करायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायची गरज नाही. त्यातून तिने महिना-दीड महिना पुरतील एवढ्या रील करून मेटा बिझनेस सूट ह्या फेसबुक-इन्स्टावाल्यांच्याच ॲपमध्ये तारखा लावून ठेवाव्यात, तेही फुकट आहे, आपोआप पोस्ट होतात. आणि तिला ह्याचे पैसे द्या ताई, थोडे का होईना, पण ठरवून द्या. घरातली म्हणून फुकट करून घेतलं की परीक्षा आली, मैत्रिणीचं लग्न आलं की ते काम पहिलं मागे पडतं आणि तुम्हाला बोलताही येत नाही.

बूस्टचे दोन हजार का गेले तेही सांगते. "कुठले कुठले लाईक" म्हणालात त्यावरून वाटतं की ऑडियन्स, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते, ॲपवरच सोडला होता आणि भाग निवडलाच नव्हता. डोंबिवलीतल्या मसालेवालीला दूरच्या राज्यातले लाईक काय करायचेत. परत कधी करायचं झालं तर लोकल निवडून डोंबिवली-कल्याण-ठाणे एवढाच भाग ठेवा, आणि जाहिरातीचं उद्दिष्ट (ॲपमध्ये "गोल") म्हणून "मेसेज" निवडा म्हणजे बघणारा थेट तुमच्या चॅटमध्ये येईल. आणि करायचं तर मार्चमध्ये, जुलैत नाही. पण खरं सांगू का, ह्या वर्षी करूच नका, आधी वही भरू दे. ज्या बाईने तुमचा मसाला खाऊन बघितलाय आणि तिला आवडलाय तिला तुम्ही वर्षभर विसरता आणि अनोळखी माणसाचं लक्ष वेधायला पैसे देता, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा गुगलवर बिझनेस प्रोफाईल करा. दुकान नसलं तरी चालतं, घरपोच देता ना, मग घराचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात देता ते दाखवता येतं. "मालवणी मसाला डोंबिवली" असं कोणी शोधलं तर निदान तुम्ही सापडायला पाहिजे. त्यात रिव्ह्यूची लिंक मिळते, ज्या बाईने व्हॉट्सॲपवर "कोलंबी फर्स्टक्लास झाली" लिहिलं तिला तिथल्या तिथे ती लिंक पाठवायची आणि म्हणायचं हेच इथे लिहाल का. लगेच पाठवायची, दोन दिवसांनी पाठवली तर राहून जातं.

आणि नवीन माणूस आला की न चुकता विचारा, "कुठून कळलं?" उत्तर वहीत. तीन-चार महिन्यांनी ते रकाने वाचा. माझा अंदाज असा की सगळ्यात जास्त वेळा "अमक्या वहिनींनी सांगितलं" असंच सापडेल, आणि मग त्या वहिनी कोण हे तुम्हाला कळेल, त्यांना दिवाळीत भाजणीचं एक पाकीट तुमच्याकडून. लाईक, फॉलोअर हे आकडे बघू नका, निदान वर्षभर तरी. जुनी गिऱ्हाइकं किती परत आली आणि नवीन कोणामुळे आली, हे दोनच बघा.

अजून एक, कधीतरी मंगळवार चुकेलच. घरात आजारपण येतं, लग्नकार्य येतं, तुम्ही माणूस आहात. चुकला तर पुढच्या मंगळवारी दहा मेसेज करून भरपाई करू नका आणि स्टेटसला "बरेच दिवस दिसले नाही त्याबद्दल सॉरी" असलं काही टाकू नका, लोकांनी मोजलेलं नसतं. पाचच मेसेज करा, जिथे थांबलात तिथून. आत्ता बंद पडलं की तुम्ही आठ-दहा महिने सोडून देता, त्या जागी एक आठवडा सुटला एवढंच झालं तर वर्षाच्या शेवटी खूप फरक दिसेल.

ह्या आठवड्यात मात्र मेसेज-बिसेज काही नको, फक्त वही भरा. वेळ लागेल, चॅट खाली खाली सरकवत जाताना हातही दुखेल आणि मध्येच काही नावं बघून वाटेल अरे ह्या तर तीन वर्षांपूर्वी दोनदा घेऊन गेल्या होत्या, मग काय झालं? त्यांना वेगळी खूण करा. त्यांचे मंगळवार पहिले.

ता.क. मध्ये तुम्ही व्हिजिटिंग कार्ड छापू का असं विचारलंय, मी वर ते गाळलं होतं. कार्ड नको, ते पर्समध्ये राहतं. तेच पैसे पाकिटावरच्या स्टिकरला घाला, म्हणजे ते मसाल्याच्या डब्याशेजारी राहील. नाव, व्हॉट्सॲप नंबर मोठ्या अक्षरात, वजन, कुटल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, त्यात काय काय घातलंय आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर. तो नंबर अजून काढला नसेल तर स्टिकर छापायच्या आधी काढा, खाण्याची वस्तू विकताना तो लागतोच, आणि नवीन गिऱ्हाईक, विशेषतः सोसायट्यांच्या एक्झिबिशनमध्ये, हल्ली पाकीट उलटं करून तोच आधी शोधतं. स्टिकर छापून झाले की एखाद्या पाकिटाचा फोटो मला पाठवा, अक्षर वाचता येतंय का ते मी सांगते.